तयार चुण्यांचा स्मॉकिंग-संच : कापड उत्तम, सुई मात्र बदला

स्मॉकिंग म्हणजे कापडाला बारीक चुण्या पाडून त्यांच्या माथ्यांवर, म्हणजे वर उठलेल्या कडांवर, केलेलं भरतकाम. त्यातलं कंटाळवाणं काम सगळं आधीच असतं. कापडावर ठिपके उमटवा, प्रत्येक ठिपक्याशी सुईच्या टोकावर एवढंसं कापड उचला, ओळीमागून ओळ धावदोरा घाला, ठिपक्याखाली ठिपका आलाय ना ते बघा आणि मग सगळे दोरे एकदम ओढून चुण्या पाडा. एवढं उरकलं की मग कुठे रंगीत दोरा हातात येतो. शिकायला बसलेल्या बऱ्याच जणींचा उत्साह तिथवर पोचतच नाही. म्हणून आधीच चुण्या पाडलेलं कापड, दोरे, सुई आणि पुस्तिका असा एकत्र संच मिळतो हे कळल्यावर मी तो भाचीसाठी मागवला. तिचं भरतकाम चांगलं आहे, साखळी टाका, गाठीचा टाका वगैरे सफाईनं घालते, पण स्मॉकिंगला तिनं कधी हात लावला नव्हता. मी लहान मुलींचे फ्रॉक शिवते, त्यामुळे चुणी बरी की वाईट एवढं मला कळतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा संचांची घडण साधारण सारखीच असते आणि काय तपासून घ्यायचं हे समजलं की नावाचं फारसं अडत नाही.

आधी कापडाबद्दल, कारण पैसे वसूल होतात ते तिथेच. पांढरं तलम सुती कापड आहे, हाताला बॅटिस्ट या मऊ, तलम कापडासारखं लागतं. मूळ रुंदी 45 इंच आणि चुण्या पाडल्यावर साधारण 15 इंच. म्हणजे तीनास एक. तलम कापडाला हेच प्रमाण शोभतं. यापेक्षा कमी कापड घेतलं तर चुण्या उथळ पडतात आणि टाका धरायला माथाच सापडत नाही. धावदोऱ्याच्या बारा ओळी आहेत, दोन ओळींत अंतर इंचाचे तीन अष्टमांश. हे माप चुण्या पाडायच्या यंत्राचं. त्या यंत्रात खाचा असलेले दात्यांचे रूळ असतात आणि त्यांच्या मध्ये ओळीनं बाकदार सुया बसवलेल्या असतात. दांडा फिरवला की कापड रुळांमधून दुमडत दुमडत थेट सुयांवर चढतं आणि तिथून दोऱ्यांवर सरकतं. हातानं दुपार जाईल ते काम काही मिनिटांत होतं, पण कापड आत घालताना जरा तिरकं गेलं तर शेवटपर्यंत तिरकंच जातं.

म्हणून संच हातात आला की पहिलं काम हे: कापड उजेडासमोर धरा आणि एकच चुणी वरून खालपर्यंत डोळ्यांनी उतरत जा. चुणी कापडाच्या उभ्या धाग्याला धरून सरळ उतरायला हवी. मध्येच वळली तर तिच्यावर कितीही सुरेख टाके घाला, नक्षी एका बाजूला लवंडल्यासारखीच दिसणार. या संचातल्या चुण्या अगदी सरळ निघाल्या. दोन्ही कडांची किनारही कापून टाकलेली होती. किनार घट्ट विणीची असते, ती तशीच ठेवली तर कडेच्या चुण्या आखडतात. ज्यांनी हे केलं त्यांना काम येतं, यात शंका नाही. धावदोरा गडद निळा वापरलाय, तो फिका असता तर बरं झालं असतं. ओढून काढताना गडद दोऱ्याची लव पांढऱ्या कापडात अडकते.

कापडाच्या दोन्ही टोकांना दोऱ्यांच्या जोडजोडीनं गाठी मारलेल्या आहेत आणि पुस्तिका बजावते की गाठी सोडू नका. मी तर म्हणेन, एका बाजूच्या गाठी जरूर सोडा. चुण्या फार दाटून बसल्या असतील तर दोन चुण्यांच्या मध्ये सुई शिरत नाही. फार विरळ असतील तर माथे आडवे पडतात आणि टाका लोंबतो. चुण्या एकमेकींना टेकून उभ्या राहतील, पण बोटानं सहज विलग होतील, इतपत सोडायच्या आणि मग पुन्हा गाठ मारायची. रुंदी शिवणाच्या मापापेक्षा किंचित कमीच ठेवायची, कारण शेवटी वाफ दिल्यावर काम पसरतं. माझ्याकडे आलेला तुकडा जरा दाटच बांधलेला होता.

आता सुई. तिच्यासाठीच या परीक्षणाचा निम्मा सूर बिघडलाय. बोथट टोकाची, जाड, मोठ्या नेढ्याची, जाळीच्या कापडावर लोकरीनं भरायला असते तशी सुई दिली आहे. शिकाऊ बाईला ओवायला सोपी जावी असा विचार असेल. पण स्मॉकिंगमध्ये चुणीच्या माथ्यातून आरपार जायचं असतं. बोथट सुई चुणीला टोचण्याऐवजी ढकलते, चुणी मान वाकवते आणि टाका वर-खाली होतो. भरतकामाची 7 किंवा 8 नंबरची टोकदार सुई घ्या, तीन पदरी दोऱ्याला ती बरोबर बसते. भाचीच्या हातात माझ्या डब्यातली 8 नंबर दिली आणि तिचा टाका त्या क्षणापासून सरळ पडू लागला.

दोऱ्याच्या तीन लडी आहेत: लाल, पोपटी, फिकट निळी. सहा पदरी सुती दोरा, चकाकी बरी आहे. पुस्तिकेत तीन पदर वापरा म्हटलंय ते योग्यच, पण पदर एकेक करून सुटे करायचे आणि मग तीन पुन्हा एकत्र घ्यायचे, हे सांगितलेलं नाही. तीन पदर एकदम ओढून काढले तर त्यांचा पीळ एकमेकांत राहतो आणि टाका दोरीसारखा गोल दिसतो. सुटे करून जुळवले की पदर शेजारी शेजारी पसरतात आणि टाका भरीव दिसतो. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका. प्रत्येक चुणीतून घासला जातो, शेवटाला विरतो. आणि लाल लडी वापरण्याआधी ओला पांढरा कापूस तिच्यावरून चोळून बघा. माझा कापूस गुलाबी झाला. पांढऱ्या कापडाच्या संचात रंग सोडणारा लाल दोरा घालण्याची हिंमत कुणी केली, मला भेटायचंय त्यांना.

पुस्तिका सोळा पानांची. त्यातली दोन पानं इतिहासाला दिली आहेत आणि ती खरंच वाचनीय आहेत. स्मॉकिंगचा उगम इंग्लंडमधल्या शेतमजुरांच्या ढगळ अंगरख्यात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला हा कपडा. पुष्कळ अंगरखे पुढून-मागून सारखेच असत, त्यामुळे एक बाजू मळली की फिरवून घालता यायचे. इलॅस्टिक नव्हतं त्या काळी मनगटाशी, छातीशी कापड आवळून धरायचं आणि हात हलवला की पुन्हा सैल सोडायचं हे काम या टाक्यांकडे होतं. पुढे 1880 च्या दशकात बायकांच्या आणि मुलांच्या हौशी कपड्यांत ते आलं. सगळं खरं. फक्त टाक्याचा ताण किती ठेवावा याला या पुस्तिकेत दोन ओळी आहेत आणि मजुरांच्या अंगरख्याला दोन पानं.

टाक्यांचा क्रम बरा लावलाय: आउटलाइन, केबल, वेव्ह, ट्रेलिस, शेवटी हनीकोंब. चित्रं स्वच्छ आहेत, बाण काढलेले आहेत. पण भाची दुसऱ्याच पानावर अडली.

"मावशी, चित्रात सुई दिसते, पण दोरा सुईच्या वर ठेवायचा की खाली ते कुठेच लिहिलेलं नाही."

स्मॉकिंगमध्ये सगळी मेख तिथेच आहे आणि पुस्तिकेनं नेमकी तीच सोडून दिली आहे. म्हणून ते इथं नीट सांगते.

काम डावीकडून उजवीकडे जातं, पण सुई मात्र उजवीकडून डावीकडे घालायची. सुई धावदोऱ्याला समांतर, आडवी. एका वेळी एकच चुणी घ्यायची आणि तीही सबंध नाही, वरचा साधारण तिसरा हिस्सा. माथ्यावर अगदी कडेला टोचलं तर कापड ताणलं की टाका उघडा पडतो. खोल गेलात तर चुणी घट्ट बांधली जाते आणि स्मॉकिंगचा जो ताणण्याचा गुण, तोच जातो. धावदोऱ्यात सुई अडकवायची नाही, त्याच्या लगत चालायचं. तो पुढे ओढून काढायचा आहे आणि त्यातून टाका गेला असेल तर निघताना नक्षीही ओढली जाते.

केबल टाक्यात सगळे टाके एकाच ओळीवर येतात. पहिल्या चुणीला दोरा सुईच्या खाली, दुसरीला वर, तिसरीला खाली, असं आलटून पालटून. आउटलाइनमध्ये दोरा सतत एकाच बाजूला राहतो, म्हणून तो पिळाच्या दोरीसारखा दिसतो. हे दोन टाके कमी ताणले जातात, त्यामुळे योकला, म्हणजे फ्रॉकच्या वरच्या सपाट भागाला, जिथे कापड जोडायचं तिथली सगळ्यात वरची ओळ यांचीच ठेवावी.

वेव्ह म्हणजे जिना चढायचा आणि उतरायचा. खालच्या ओळीवर दोरा सुईच्या खाली ठेवून एक केबल घाला. मग पुढच्या प्रत्येक चुणीला एकेक पायरी वर सरका आणि वर चढताना दोरा सुईच्या खालीच ठेवा. वरच्या ओळीला पोचलात की पुढची चुणी त्याच पातळीवर घ्या, पण आता दोरा सुईच्या वर. हा वरचा केबल. तिथून उतरताना दोरा वरच राहू द्या. तळाशी आलात की पुन्हा त्याच पातळीवर एक केबल, दोरा खाली, आणि पुन्हा चढण. चढताना खाली, उतरताना वर, बदल फक्त टोकाला. अशा चार पायऱ्यांच्या लाटा एकाखाली एक, सगळ्या एकाच दिशेनं घातल्या की त्याला दाट भरीव रूप येतं. दुसरी लाट उलटी घातली, म्हणजे वरच्या लाटेचा तळ आणि खालच्या लाटेचं टोक एकमेकांना भिडलं, की चौकटी तयार होतात. तोच ट्रेलिस.

चौकटी जुळायच्या तर वरचा आणि खालचा केबल त्याच दोन चुण्यांवर यायला हवा. एक चुणी इकडे-तिकडे झाली की फट दिसते, आणि ती पुढच्या प्रत्येक चौकटीत दिसत राहते. म्हणून मी नेहमी मधोमधच्या दोन चुण्यांमधल्या खाचेत वेगळ्या रंगाचा एक उभा दोरा टाकते आणि नक्षी मधूनच सुरू करते. मधून उजव्या कडेपर्यंत गेलं की काम उलटं फिरवायचं, वरची बाजू खाली, आणि मधून दुसरी बाजू पुन्हा डावीकडून उजवीकडे भरायची. दोन्ही कडांना नक्षी सारखीच संपते. पुस्तिकेत सुरुवात डाव्या कडेपासून आहे. मुखपृष्ठावरच्या फोटोत उजव्या कडेला अर्धी चौकट राहिली आहे ती त्यामुळेच, आणि फोटो काढणाऱ्याच्याही ते लक्षात आलेलं दिसत नाही.

भाची डावरी आहे. पुस्तिकेत डावऱ्यांसाठी एक अक्षर नाही आणि मला खरी चिंता होती ती याची. प्रत्यक्षात अवघड काही नव्हतं: तिनं उजवीकडून डावीकडे जायचं आणि सुई डावीकडून उजवीकडे घालायची. दोरा वर आणि खाली हा नियम जसाच्या तसा राहतो, कारण आरशात डावं-उजवं बदलतं, वरचं-खालचं बदलत नाही. हे एक वाक्य छापायला त्यांना किती जागा लागली असती?

हनीकोंबचं पान मात्र चांगलं जमलंय. दोन चुण्यांचे माथे जवळ आणून त्यांच्यावर बारीक उलटी टीप घालायची, मग सुई दुसऱ्या चुणीच्या आतूनच खालच्या ओळीपर्यंत सरकवायची, आणि तिथे ती चुणी व तिच्या पुढची चुणी अशी जोडी करायची. पुन्हा आतूनच वर. बाहेर फक्त ठिपक्यांएवढे टाके दिसतात. सगळ्या टाक्यांत हा जास्तीत जास्त ताणणारा, म्हणून खालच्या बाजूला, जिथे घेर सुटायचा असतो तिथे शोभतो. चुणीच्या आतून जाणारी सुई त्यांनी तुटक रेघेनं दाखवली आहे, त्यामुळे भाचीला विचारावं लागलं नाही.

मागच्या बाजूबद्दल दोन गोष्टी पुस्तिकेत नाहीत. एक म्हणजे दोरा संपला की मागे नेऊन एकाच चुणीवर दोन बारीक टाके घेऊन बंद करायचा, मागून दोन-तीन चुण्या ओलांडून नेला तर तेवढ्या चुण्या कायमच्या बांधल्या जातात. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची: नक्षीत मधे मोकळी जागा सोडली असेल तर धावदोरे काढल्यावर तिथल्या चुण्या फुगून येतात. त्या जागी उलट बाजूनं कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं केबलची ओळ घालून ठेवावी लागते. मुखपृष्ठावर मोकळ्या पट्ट्यात पिळाच्या टाक्यांची गुलाबं दाखवली आहेत. ती कशी भरायची हे आत शिकवलेलं नाहीच, पण पट्टा मागून धरून ठेवायचा हेही नाही. मुखपृष्ठ बघून कुणी गुलाबं भरायला घेतली तर तिला कापड फुगल्याचा दोष आपल्या हाताचा वाटेल, आणि ते बरोबर नाही.

शेवटच्या पानावर लिहिलंय: "काम पूर्ण झाल्यावर उलट बाजूनं इस्त्री करावी." असं अजिबात करू नका. इस्त्री टेकवली की चुण्या चपट्या होतात आणि इतक्या मेहनतीनं उठवलेले माथे परत उभे राहत नाहीत. तुकडा जाड पंच्यावर सुलट बाजू वर करून ठेवायचा, हवं त्या रुंदीला ताणून टाचण्या लावायच्या, वाफेची इस्त्री वर अधांतरी धरून नुसती वाफ द्यायची आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मगच धावदोरे काढायचे. सगळ्यात वरचा धावदोरा शेवटपर्यंत राहू द्यायचा. त्या ओळीवर मी टाके घालत नाही, योक जोडताना चुण्या सारख्या धरायला तीच कामाला येते.

या तुकड्यातून काय होईल? पुस्तिका म्हणते बाळाच्या फ्रॉकची पुढची बाजू. टाक्यांची उंची चार इंच भरते ती ठीक, पण खाली सोडलेलं कापड अवघं सहा इंच आहे. त्यात घेर कसला पडणार! खाली वेगळं कापड जोडावं लागेल, नाहीतर छोट्या उशीच्या अभ्र्याचा मधला भाग किंवा पिशवीचं तोंड करावं. आम्ही पिशवी करतो आहोत.

कुणी घ्यावा? ज्यांना भरतकामाची सुई धरता येते पण ठिपके आणि धावदोरे यांच्या विचारानंच हात आखडतो, त्यांनी निःसंकोच घ्यावा. चांगल्या पडलेल्या चुणीवर टाका घालताना बोटांना काय जाणवतं, ते एकदा कळायला हवं, आणि या कापडावर ते कळतं. स्वतः चुण्या पाडणाऱ्यांना यात नवीन काही नाही. चौकडीच्या कापडावर चौकोनांच्या कोपऱ्यांचाच आधार घेऊन धावदोरे घातले की ठिपकेही लागत नाहीत, त्यांनी तेच करावं. ज्यांच्या शेजारी सांगायला कुणी नाही त्यांनी वर लिहिलेला वर-खालीचा नियम कागदावर उतरवून पुस्तिकेच्या पाचव्या पानावर चिकटवावा. पाचापैकी गुण द्यायचे तर कापडाला पाच, दोऱ्याला तीन, पुस्तिकेला अडीच आणि सुईला शून्य.

कंपनीला मी हे सगळं सविस्तर कळवलं. उत्तर आलं, नम्र होतं. लाल दोरा बदलून पाठवतो म्हणाले आणि पाठवलाही, या खेपेला कापूस पांढराच राहिला. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत डावऱ्यांसाठी सूचना घालू असंही लिहिलंय. सुईबद्दल मात्र त्यांचं म्हणणं असं, की ग्राहकांना ती ओवायला सोपी जाते.